बॉस्टन ते क्लीव्हलँड, लायब्ररी बघत बघत

सोमवार, बॉस्टन

कोपली स्टेशनमधून वर आलं की समोरच बॉस्टन पब्लिक लायब्ररीची 1895 सालची दगडी इमारत, आणि दारावर कोरलंय की हे सगळ्यांना मोफत आहे. 1848 साली राज्याच्या कायद्यानं ही लायब्ररी स्थापन झाली, 1854 मध्ये वाचकांसाठी उघडली, मोठ्या शहरानं स्वतःच्या पैशातून चालवलेली अमेरिकेतली पहिली मोफत लायब्ररी म्हणून तिचं नाव घेतात. बेट्स हॉलची वाचनाची खोली बघितली, हिरवे दिवे, उंच कमानी, सगळं सुंदर आहेच, पण मी इमारत बघायला आले नव्हते. मला बघायचं होतं की "सगळ्यांना" म्हणजे कुणाकुणाला, याच शहरातल्या लोकांना की शेजारच्या गावातल्या माणसालाही, आणि त्याला पुस्तक हवं असेल तर ते त्याच्या गावी कोण पोचवतं, त्याला प्रश्न पडला तर उत्तर कोण शोधतं. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं अकरा-बारा हजार आहेत, त्यातल्याच एकात मी काम करते, आणि बाजूच्या तालुक्यात असलेलं पुस्तक आपल्या वाचकाला मिळवून द्यायचं तर ओळख लागते, फोन लागतात, तिकडून कुणीतरी येणारं लागतं. म्हणून ही ट्रिप.

जॉर्ज टिकनर म्हणून एक विद्वान प्राध्यापक इथल्या पहिल्या विश्वस्तांपैकी. 1852 च्या विश्वस्तांच्या अहवालात त्यांनी आग्रह धरला होता की लोकांना आवडणारी पुस्तकं एकेक प्रत आणून कपाटात ठेवायची नाहीत, भरपूर प्रती घ्यायच्या, म्हणजे एकाच वेळी पुष्कळ लोक तेच पुस्तक वाचत असतील. त्या काळी विद्वान माणसानं असं म्हणणं मोठी गोष्ट होती. आज होल्डची रांग वाढली की जादा प्रत विकत घ्यायची असा नियम जवळपास सगळ्या मोठ्या लायब्रऱ्यांत असतो, अमुक इतके वाचक थांबले की एक प्रत आणखी, त्याची मुळं मला तरी त्या अहवालात दिसतात. (होल्ड म्हणजे पुस्तक बाहेर गेलेलं असलं किंवा दुसऱ्या शाखेत असलं तर त्यावर आपलं नाव लावून ठेवायचं, नंबर आला की ते आपल्याला कळवतात.)

आणि दाराबाहेर पडला होता तो प्रश्न आतच सुटला. या लायब्ररीला राज्य सरकार वेगळे पैसे देतं ते पूर्ण मॅसॅच्युसेट्सची लायब्ररी म्हणून, त्यामुळे राज्यातल्या कुठल्याही खेड्यातला माणूस हिचं ई-कार्ड काढू शकतो, डेटाबेस वापरू शकतो, संदर्भाचा प्रश्न विचारू शकतो.

मंगळवार, केंब्रिज

नदीपलीकडे केंब्रिज. इथल्या सार्वजनिक लायब्ररीची जुनी इमारत 1889 ची, तिला चिकटून 2009 ची काचेची नवी इमारत. ही लायब्ररी मिनिटमन नावाच्या नेटवर्कमध्ये आहे, बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या चाळीसच्या वर लायब्रऱ्यांचा मिळून एकच कॅटलॉग. आज सकाळी मी जे बघायला आले होते ते खरं तर अगदी साधं काम आहे, आणि तेच मला डोळे भरून बघायचं होतं.

सकाळी लायब्ररी उघडायच्या सुमारास एक यादी छापून निघते. वेगवेगळ्या गावच्या वाचकांनी काल रात्रीपर्यंत जे होल्ड लावले त्यातली कुठली पुस्तकं आज इथल्या शेल्फवर आहेत त्याची यादी, आणि ती शेल्फच्या क्रमानेच येते, म्हणजे माणसाला मागे-पुढे धावावं लागत नाही. एक कर्मचारी ढकलगाडी घेऊन निघते, यादीतलं एकेक पुस्तक काढते, मिळालं नाही तर खूण करते, मग सिस्टीम तीच मागणी आपोआप दुसऱ्या गावच्या प्रतीकडे वळवते. गाडी भरली की टेबलावर प्रत्येक पुस्तकाचा बारकोड स्कॅन होतो, छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर पोचायच्या लायब्ररीचं नाव. चिठ्ठी पुस्तकात, पुस्तक प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, आणि स्क्रीनवर त्याची अवस्था बदलून "इन ट्रान्झिट". क्रेट्स व्हॅनमधून सॉर्टिंगच्या जागी जातात, तिथून आपापल्या गावी. तिकडे पुन्हा स्कॅन, वाचकाला मेल किंवा मेसेज, पुस्तक होल्डच्या शेल्फवर.

या शेल्फवर वाचकाचं पूर्ण नाव कुणाला दिसू नये याची फार काळजी घेतात. कोण काय वाचतंय ही माहिती सार्वजनिक नोंद नाही असं राज्याच्या कायद्यातच आहे. शेल्फ सगळ्यांना मोकळं आणि नाव मात्र झाकलेलं, मला हे फार आवडलं.

आता हे सगळं करायला गावं तयार कशी झाली? मॅसॅच्युसेट्समध्ये 351 शहरं आणि गावं आहेत, जवळपास प्रत्येकाची लायब्ररी स्वतंत्र, पैसा मुख्यतः गावच्या करातून. स्वतःच्या पैशानं घेतलेलं नवं कोरं पुस्तक दुसऱ्या गावच्या माणसाला द्या म्हटलं तर गावसभेत कुणीतरी उठून विचारणारच, का म्हणून? उत्तर राज्याच्या अनुदानाच्या अटींमध्ये आहे. अनुदान हवं तर लायब्ररी सगळ्यांना मोफत पाहिजे, ठरलेले किमान तास उघडी पाहिजे, पुस्तकांवर ठरलेला खर्च पाहिजे, प्रशिक्षित माणूस पाहिजे, आणि इतर लायब्रऱ्यांना पुस्तकं दिली पाहिजेत, त्यांचं कार्ड चालवून घेतलं पाहिजे. आणि जे गाव अटी मोडून लायब्ररीचं बजेट कापतं त्याचं सर्टिफिकेशन जातं, मग शेजारची गावं त्या गावच्या वाचकांना पुस्तक द्यायला नाही म्हणू शकतात. म्हणजे एखाद्या वर्षी गावानं लायब्ररीवर हात आखडता घेतला की त्याची झळ लगेच वाचकाला बसते, आणि वाचक मग गावसभेत बोलतो. सॉफ्टवेअर कुठलंही आणा, या अटीशिवाय ही व्हॅन फिरली नसती असं माझं ठाम मत आहे.

कुरबुर मात्र असते, नाही कशाला म्हणू. ज्या लायब्रऱ्या पुस्तकांवर जास्त खर्च करतात त्यांची पुस्तकं सतत बाहेर. त्यामुळे अनेक नेटवर्कमध्ये नव्या पुस्तकांवर पहिले काही महिने फक्त आपल्याच वाचकांना होल्ड लावू देतात, किंवा रांगेत आपल्या गावच्या वाचकाला आधी नंबर देतात. थोड्या दिवसांसाठी हे ठीक आहे, पण मुदत लांबत लांबत गेली तर एकत्र कॅटलॉग नुसता दाखवायला उरतो, पुस्तक दिसतं पण मिळत नाही. मला विचाराल तर रांग एकच असावी, जो आधी आला त्याचा नंबर आधी, गाव कुठलंही असो.

बुधवार, वुस्टर

साउथ स्टेशनवरून लोकल ट्रेन, दीडेक तास. वुस्टरला टुरिस्ट म्हणून फारसं कुणी येत नाही, पण लायब्ररीत काम करणाऱ्या माणसानं एकदा तरी यावं.

कारण सॅम्युअल स्वेट ग्रीन. 1871 ते 1909 हे इथे ग्रंथपाल होते, आणि 1876 या एकाच वर्षात या माणसानं दोन गोष्टी मांडल्या. एक, ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात ज्या परिषदेत अमेरिकन लायब्ररी असोसिएशन जन्माला आली तिथे त्यांचा निबंध होता की वाचक लायब्ररीत आला की ग्रंथपालानं त्याच्याशी बोलावं, त्याला काय हवंय ते समजून घ्यावं, शोधायला मदत करावी. तोपर्यंत ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांची राखण करणारा. ग्रीन यांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक काही न घेता परत गेलं तर दुकानदाराला जसं लागतं तसं वाचक उत्तराविना परत गेला तर ग्रंथपालाला लागलं पाहिजे. वुस्टर हे कारखान्यांचं गाव, त्यांच्याकडे कारागीर यायचे, कारखानदार यायचे, शाळेतली पोरं यायची, त्यामुळे हे नुसतं भाषण नव्हतं, रोजच्या कामातून आलेलं होतं. आज आपण जिला संदर्भसेवा म्हणतो तिची सुरुवात सांगताना जगभर हा निबंध सांगतात.

दुसरी गोष्ट त्यामानानं कमी लोकांना माहीत आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ग्रंथपालांचं मासिक सुरू झालं, आणि त्याच्या पहिल्याच अंकात ग्रीन यांचं पत्र आहे की लायब्रऱ्यांनी आपसात करार करून थोड्या मुदतीसाठी एकमेकांना पुस्तकं द्यावीत. म्हणजे आंतरग्रंथालयीन देवघेव. प्रश्न आणि पुस्तक, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच वर्षी! मला हे योगायोगाचं वाटत नाही. तुम्ही वाचकाचा प्रश्न खरोखर मनावर घेतला की थोड्याच दिवसात लक्षात येतं की उत्तर आपल्या कपाटात नाहीये, ते दुसऱ्याच्या कपाटात आहे, मग दुसऱ्याकडे मागावंच लागतं. ज्या लायब्ररीत कुणी प्रश्नच विचारत नाही तिला शेजारणीची गरज कशाला वाटेल?

आताची इमारत सेलम स्क्वेअरला आहे, ग्रीन यांच्या वेळची नाही. वुस्टरमध्येच सीडब्ल्यू मार्स या नेटवर्कचं ऑफिस आहे, राज्याच्या मध्य आणि पश्चिम भागातल्या शंभरावर लायब्रऱ्या, त्यात अगदी डोंगरातल्या छोट्या गावांच्याही. हे लोक एव्हरग्रीन नावाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, जे जॉर्जिया राज्यातल्या ग्रंथपालांनी स्वतःच्या गरजेसाठी बनवून घेतलं आणि 2006 मध्ये चालू केलं, कारण इतक्या लायब्रऱ्यांचे होल्ड एकत्र सांभाळेल असं त्यांना बाजारात मनासारखं मिळत नव्हतं. सोर्स कोड खुला आहे, कुणीही घ्यावं. नेटवर्कच्या पलीकडचं पुस्तक हवं असेल तर कॉमनवेल्थ कॅटलॉग म्हणून राज्याचा आणखी एक थर आहे, तिथून मागवता येतं. एवढं करूनही नाही मिळालं तर मग राज्याबाहेर.

गुरुवार, न्यूयॉर्क

बेचाळिसाव्या रस्त्यावरची 1911 ची इमारत, बाहेर दोन सिंह, आत रोझ रीडिंग रूम. फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. बाजूच्या ब्रायंट पार्कच्या हिरवळीखाली पुस्तकांची गोदामं आहेत आणि तिथून पुस्तकं वर आणायला 2016 पासून छोटी रेल्वे आहे, 24 लाल डबे, रुळ साधारण 950 फूट, एका डब्यात 30 पौंड पुस्तकं, आणि डबा उभ्या भिंतीवर चढला तरी पुस्तक आडवंच राहील अशी रचना.

मला इथे जास्त जवळची वाटली ती टेलिफोनवरची संदर्भसेवा. 1968 पासून चालू आहे, आता फोनबरोबर चॅट आणि ईमेलही. कुणीही फोन करायचा, प्रश्न विचारायचा, पलीकडे माणूस बसलेला. 2014 मध्ये यांना जुन्या प्रश्नांच्या कार्डांची एक पेटी सापडली, 1940 ते 80 च्या दशकांतली, गुगल नव्हतं तेव्हा लोक काय काय विचारायचे त्याची. इंटरनेट आल्यावर ही सेवा कशाला असं वाटतं ना, पण ज्याला नेमकं काय शोधायचं तेच शब्दात सांगता येत नाही त्याचं काय? त्याला उलट दोन प्रश्न विचारून त्याच्याच मनातली गोष्ट बाहेर काढायला लागते. हे काम मी रोज करते, आणि दर वेळी वाटतं की उत्तर शोधण्यापेक्षा प्रश्न समजून घेण्यातच अर्धा वेळ जातो, जायलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र खटकली. न्यूयॉर्क शहरात लायब्ररीच्या तीन वेगळ्या संस्था आहेत, मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड मिळून न्यूयॉर्क पब्लिक, मग ब्रुकलिन, मग क्वीन्स. एक कार्ड तिन्हीकडे जोडून घेता येतं, पण कॅटलॉग वेगळे आणि होल्डच्या रांगा वेगळ्या. एकाच शहरात, एकाच सबवेवर. इतिहास आहे त्यामागे, संस्था वेगवेगळ्या जन्मल्या, तरीपण मॅसॅच्युसेट्समधली खेडी जे करतात ते इथे तिन्ही मिळून अजून करत नाहीत याचं वाईट वाटलं.

शुक्रवार, क्वीन्स आणि मग रात्रीची गाडी

निदान पडद्यामागे या तिघींपैकी दोघींनी हात मिळवलेत. लाँग आयलंड सिटीत न्यूयॉर्क पब्लिक आणि ब्रुकलिन यांनी 2013 पासून बुकऑप्स नावानं खरेदी, कॅटलॉगिंग आणि वाटप एकत्र केलंय. तिथलं सॉर्टिंगचं मशीन 2010 मध्ये बसलं, 238 फूट लांब. पट्ट्यावर पुस्तक ठेवायचं बारकोड वर करून, डोक्यावरचा स्कॅनर वाचतो, पट्टा पुढे सरकतो आणि आपल्या शाखेचा डबा आला की पुस्तक बाजूला घसरून त्यात पडतं. सुरू झालं तेव्हा तासाला 7,500 पुस्तकं असा हिशोब होता. 2011 पासून वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटी लायब्ररीशी यांची सॉर्टिंगची स्पर्धा पण झालीये, तासाभरात कोण जास्त पुस्तकं लावतो, आणि त्यात जिंकायला मशीनइतकेच पट्ट्यावर पुस्तकं ठेवणारे हात लागतात.

दुपारी लेक शोअर लिमिटेड पकडली, ही गाडी पहाटे अंधारात क्लीव्हलँडला पोचते. झोप लागली नाही, मग रात्री लायब्ररीच्या चॅटवर उत्तर कोण देतं याचाच विचार करत बसले, कारण ते उत्तर बहुतेक वेळा तुमच्या गावातून येत नाही.

2000 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसनं (वॉशिंग्टनमधली राष्ट्रीय लायब्ररी) बऱ्याच लायब्रऱ्यांना घेऊन इंटरनेटवर सामायिक संदर्भसेवेचा प्रयोग सुरू केला. त्यातला पहिला प्रश्न लंडनच्या एका वाचकाचा, जुन्या बायझंटाइन काळातल्या स्वयंपाकाबद्दल, आणि तो गेला कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या सार्वजनिक लायब्ररीकडे, त्यांनी काही तासांत पुस्तकांची नावं कळवली. 2002 मध्ये यातूनच ओसीएलसी या लायब्रऱ्यांच्या सामायिक संस्थेबरोबर क्वेश्चनपॉइंट नावाची सेवा आली, 2019 मध्ये ती स्प्रिंगशेअर कंपनीकडे गेली. पद्धत अशी की प्रत्येक लायब्ररीनं आठवड्यातले ठराविक तास डेस्कवर द्यायचे, त्या तासात ती सगळ्यांचे प्रश्न घेते, आणि बदल्यात तिचे वाचक रात्री दोनला विचारू शकतात. त्या वेळी जो ग्रंथपाल उत्तर देतो तो हजार मैलांवरचा असतो.

आता त्याला कसं कळणार की तुमच्या शाखेत दंड आहे का, होल्ड किती दिवस ठेवतात, स्थानिक वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म कुठल्या मजल्यावर आहे? त्यासाठी प्रत्येक लायब्ररीनं आपली माहिती एका पानावर लिहून द्यायची, चॅट उघडलं की ते पान त्या ग्रंथपालासमोर येतं. आणि जे त्याला जमत नाही, उदाहरणार्थ गावातल्या जुन्या घराचा इतिहास, ते तो खूण करून सकाळसाठी गावच्या ग्रंथपालाकडे सोडतो. हे वाचायला सोपं आहे, पण लायब्ररीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात जे असतं ते कागदावर उतरवणं फार अवघड काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते माणूस रिटायर व्हायच्या आठवड्यात आठवतं. पुस्तक वाटून घ्यायला मन मोठं लागतं, उत्तर वाटून घ्यायला आधी स्वतःचं लिहून काढायला लागतं.

शनिवार, क्लीव्हलँड

मुख्य इमारत 1925 ची, शेजारी 1997 ची लुई स्टोक्स विंग, मध्ये छोटी बाग. 1890 मध्येच इथे वाचकांना शेल्फपर्यंत जाऊ देत होते, मोठ्या शहरात असं करणाऱ्या पहिल्यांपैकी ही लायब्ररी. क्लेव्हनेट हे इथलं नेटवर्क 1982 चं, मुख्य यंत्रणा क्लीव्हलँडची आणि ईशान्य ओहायोतल्या चाळीसच्या वर लायब्ररी संस्था तिच्यावर. मोठ्यानं यंत्रणा उभारायची आणि छोट्यांनी खर्चात वाटा द्यायचा, हे मॉडेल आपल्याकडे जिल्हा ग्रंथालयांना जमण्यासारखं आहे असं मला वाटतं.

ओहायो हे या विषयात मोठं राज्य. ओसीएलसी इथलीच, 1967 मध्ये राज्यातल्या कॉलेजांनी मिळून काढलेली, आणि 26 ऑगस्ट 1971 ला अथेन्स गावच्या विद्यापीठात पहिल्यांदा ऑनलाइन कॅटलॉगिंग झालं. एका लायब्ररीनं पुस्तकाची नोंद केली की बाकीच्यांनी तीच वापरायची. नोंद एकत्र आल्यावर कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हे आपोआप कळायला लागलं, आणि 1979 पासून त्याच यंत्रणेतून पुस्तकाची मागणीही करता यायला लागली.

ई-बुकचंही इथेच सुरू झालं, 2003 मध्ये ओव्हरड्राइव्ह या कंपनीमार्फत ई-बुक देणारी पहिली सार्वजनिक लायब्ररी क्लीव्हलँडची. पण ई-बुकवर माझा राग आहे. छापील पुस्तक विकत घेतलं की ते लायब्ररीचं झालं, कायद्यानं ती कुणालाही देऊ शकते, टपालानं दुसऱ्या राज्यातही. ई-बुक लायसन्सवर येतं, काही दोन वर्षांनी संपतं, एका प्रकाशकानं 2011 मध्ये 26 वेळा दिलं की संपलं असा नियम केला, आणि नेटवर्कच्या बाहेरच्या लायब्ररीला सहसा देताच येत नाही. म्हणजे दीडशे वर्षांत जी देवघेव उभी राहिली तिला इथे दारच नाही. पैशाचंही तसंच नाजूक आहे. 2025 च्या मार्चमध्ये लायब्रऱ्यांना केंद्राचा पैसा वाटणाऱ्या संस्थेवर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं गदा आली आणि साउथ डकोटाच्या राज्य लायब्ररीनं आंतरग्रंथालयीन देवघेव थांबवली.

दुपारी मी वर्ल्डकॅट (ओसीएलसीचा जगभरच्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग) उघडून जुनी मराठी पुस्तकं शोधत बसले. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये मराठी पुस्तकं भरपूर आहेत, 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीच्या ऑफिसनं भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन त्यांना पाठवली म्हणून. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसांनी हे जरूर वापरावं, आपल्या गावच्या सार्वजनिक लायब्ररीत जाऊन आंतरग्रंथालयीन मागणी करायची, मिळेलच असं नाही, पण विचारायचं. शोधताना एक लक्षात ठेवा, नोंदी रोमन लिपीत ठरलेल्या पद्धतीनं असतात, त्यामुळे "ज्ञान" शोधायचं तर डी-एन-वाय नाही, जे-एन-ए-एन-ए लिहायचं. र्‍हस्व-दीर्घाच्या खुणा नाही टाकल्या तरी चालतात. लेखकाचं आडनाव आणि प्रकाशनाचं वर्ष जोडीला द्या, आणि नोंदीतला ओसीएलसी नंबर लिहून डेस्कवर न्या, त्या नंबरावरून ग्रंथपालाला नेमकी तीच आवृत्ती मागवता येते.